पियानो थांबला की

शुक्रवार, १२ तारीख
गाडीत

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं दिसलं असतं तर न उघडताच टोपलीत टाकलं असतंस, म्हणून शेजारी बसलेल्या आजोबांकडून पत्ता लिहून घेतला. त्यांचं अक्षर इतकं थरथरतं की तुझ्या दवाखान्यात सगळ्यांना वाटेल, कुठल्यातरी आजारी मांजराच्या मालकाने विनवणी केलीये. तू जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागलीस हे मला आत्याच्या मुलीने सांगितलं. तिला ओरडू नकोस, मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे बोलली. फोन तर तू आमच्यापैकी कुणाचाच उचलत नाहीस.

मुद्दा असा की मी बाईंच्या मैफलीला चाललोय.

फाडू नकोस. आधी ऐक.

बाईंचं पाकीट आईच्या नावाने आलं. जाड, सायीच्या रंगाचं. आत पहिल्या रांगेची दोन तिकिटं आणि बाईंच्या हातची चिठ्ठी, की यंदा घरच्यांनी यावं, दोन दिवस माझ्याकडेच राहावं, शहर बघावं. आई ते हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभी होती. मग म्हणाली, "माझा गुडघा." बाबा म्हणाले, "मला त्या वाजवण्यातलं काय कळतंय?" आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी नुकतंच काचेच्या कारखान्यातलं काम सोडलं होतं (पॅकिंगचं होतं ग, दिवसभर भुशात ग्लास पुरायचे आणि शिंकायचं; ते असो), तर बाबा म्हणाले, "हा जाईल. ह्याला कुठेही पाठवता येतं, परत आणता येत नाही एवढंच."

मी हो म्हटलं ते शहर बघायला नाही. म्हणजे थोडं शहर बघायलाही. तिथे म्हणे गोल फिरत वर जाणारा पूल आहे. पण खरं कारण तुझी बोटं.

चार वर्षं तू बाईंच्या घरी राहून पियानो शिकलीस आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकडी घेऊन परत आलीस. पाठोपाठ बाईंचं पत्र आलं की पट्ट्यांवरचं झाकण पडलं, मुलगी निष्काळजी होती, फार वाईट वाटतं. तू एवढंच म्हणालीस, "झाकण पडलं नाही." आई म्हणाली, "बाई असं करणार नाहीत." मग तू बॅग उचललीस. तेव्हापासून आमच्या घरी जेवताना कुणी कुणाच्या हाताकडे बघत नाही.

मला फक्त ते झाकण बघायचंय. बघून रविवारी परत.

आजोबा विचारतायत, कुणाला एवढं लांब पत्र? सांगितलं, मांजराला.

तुझा भिंगरी


शनिवार, १३ तारीख
बाईंचं घर, सकाळ

ताई,

मी तुझ्या खोलीत आहे. तू कधी सांगितलं नाहीस की ह्या खोलीला आतून कडी नाही.

बाई मला वाटल्या होत्या तशा नाहीत. मला वाटलं होतं उंच, नाकावर चष्मा, आवाज चाबकासारखा. त्या तर एवढ्याशा आहेत! आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागतं. वाकलं की त्या आणखी हळू बोलतात. काल दार उघडल्याबरोबर मला नाव, प्रवास काही विचारलं नाही. म्हणाल्या, "हात दाखव." दाखवले. उलटसुलट बघितले, एकेक बोट ओढून बघितलं, बाजारात भेंडी मोडून बघतात ना तसं. "तिच्यासारखेच आहेत," म्हणाल्या. "वाया घालवलेले." मग स्वतः फळ कापून माझ्या ताटलीत ठेवलं. बिया काढून. माझ्यासाठी कुणी बिया काढल्याला किती वर्षं झाली.

जेवताना मी विचारलं, "बाई, आम्हाला का बोलावलंत?" तू म्हणशील, ह्याच्या तोंडाला झाकण नाही. पण त्यांनी सरळ सांगितलं. "लोक काहीबाही बोलतात. पहिल्या रांगेत तुमच्या घरचं कुणीतरी बसलेलं दिसलं की बोलणार नाहीत." आणि पाणी पुढे केलं. आपल्याला कशाला बोलावलं हे इतक्या शांतपणे सांगितलं की राग कुठून सुरू करायचा तेच कळेना.

मावशी अजून आहेत. तू सांगायचीस तशाच, दिवसभर स्वयंपाकघरात, पदर कमरेला. मला बघून त्यांच्या हातातला डाव खाली पडला. "सेम तिचं नाक," एवढं म्हणाल्या आणि नंतर तोंडात मूग. मी त्यांच्यामागे भांडी पुसत फिरलो, गंमती सांगितल्या, ट्रंकांच्या कारखान्यात मुकादम ट्रंकेत अडकला होता ती सुद्धा. हसल्या. पण तुझं नाव काढलं की लगेच नळ सोडतात.

हो, एक राहिलं. पियानोजवळ बसणाऱ्या, पानं उलटून देणाऱ्या मुलाने काल ऐनवेळी नाही म्हणून कळवलं. कारण सांगितलं नाही. तर बाई मला म्हणाल्या, "तू उभा राहा."

"मला नोटेशन वाचता येत नाही, बाई. मला धड वेळापत्रक वाचता येत नाही."

"वाचायचं नाही. मी मान हलवली की वरचा कोपरा धरायचा आणि उलटायचं. श्वास माझ्या कानाशी सोडायचा नाही. बाकी तू तिथे नाहीस."

म्हणजे मी पहिल्या रांगेत नाही, थेट मंचावर. लोकांना आणखी नीट दिसणार. हे मला आत्ता लिहिताना सुचलं.

आता तालमीला बोलावतायत.


शनिवार, दुपार

ताई, मी झाकण बघितलं.

तालीम झाली, बाई आडव्या पडायला गेल्या. मी पियानोपाशी एकटा. तुला माहितीये, मला एकटं ठेवलं की माझे हात गप्प बसत नाहीत. आधी पायाखालच्या पितळी दांड्या दाबून बघितल्या. मग ते पट्ट्यांवरचं लांब झाकण अर्धं खाली आणलं आणि सोडलं.

ते पडलं नाही.

पाऊण खाली आणून सोडलं. तिथेच थांबलं. अगदी चार बोटं उरली असताना सोडलं, तरी तिथेच. मी ट्रंकांना बिजागऱ्या ठोकत होतो ना, मला एवढं एकच शास्त्र येतं: बिजागरी अशी घट्ट असली की झाकण आपल्या मनाने हलत नाही. ढकलावं लागतं. आणि हे तर चांगलं जोर लावून ढकलावं लागतं.

स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "मावशी, पियानोचं झाकण नवीन बसवलंत का? मधे कधी दुरुस्ती?"

"नाही रे बाबा. बाईंच्या आईच्या वेळेपासून तेच."

"बिजागऱ्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नळ सोडला.

पाणी वाहत होतं आणि त्या रिकाम्या भांड्यावर हात फिरवत होत्या. मी नळ बंद केला. तेव्हा म्हणाल्या, "मी त्या दिवशी बाजारात गेले होते. मला काही माहीत नाही. तू आज वाजवणं ऐक आणि घरी जा, बाळा. उद्या खोली मला रिकामी लागेल. नवीन मुलगी यायचीये राहायला."

तुझ्या पलंगावर नवी चादर घडी करून ठेवलेली होती ती माझ्यासाठी नव्हती तर.

मला आत्ताच्या आत्ता निघून यायला पाहिजे होतं. पण मग पानं कोण उलटणार, असं माझ्या डोक्यात आलं. बघ ना. एका दिवसात माझ्या डोक्यात हे आलं. तू तर चार वर्षं होतीस.


रविवार, १४ तारीख
स्टेशनवरचा बाक

ताई,

काल जे झालं आणि आज सकाळी जे झालं ते क्रमाने लिहितो. मधेच भरकटलो तर माफ कर, हात अजून नीट चालत नाहीत. म्हणजे चालतात. शाबूत आहेत. घाबरू नकोस.

आधी मैफल. सभागृहात माणसं ठासून भरलेली, छतापर्यंत सज्जे, आणि सगळे असे गप्प की कुणीतरी गोळीचा कागद सोडला तो मला मंचावर ऐकू आला. बाईंनी वाजवायला सुरुवात केली आणि ताई, मी काय सांगू. वाईट माणसाने वाईट वाजवावं ना? सोपं झालं असतं. दुसऱ्या तुकड्यात एक संथ जागा होती, एकच सूर परत परत, आणि त्याच्याखाली दुसरं काहीतरी हळूहळू अंधारत जाणारं. माझे डोळे भरले. मी झाकणाबद्दल विसरलो. खरंच विसरलो. तू तिथे का राहिलीस ते मला तेव्हा कळलं. ह्या आवाजाच्या शेजारी उभं राहायला मिळत असेल तर माणूस काहीही ठेवील पट्ट्यांवर.

मध्यंतरानंतर बाईंनी नव्या मुलीला मंचावर बोलावलं. सोळा-सतराची असेल. शाळेत पुढच्या बाकावर बसतात तशी ताठ. बाई लोकांना म्हणाल्या, "उद्यापासून ही माझ्या घरी." टाळ्या. तिची आई खाली रडत होती, आनंदाने.

शेवटच्या तुकड्यात बाईंची मान हलली. मी पान उलटलं. ती खूण नव्हती, कठीण जागा आली की त्या मान टाकतात, सवय आहे. मला कोण सांगणार. समोर भलतंच पान. बाई दोन श्वासांएवढ्या थांबल्या. मग कुठूनतरी सूर उचलला आणि पुढे गेल्या, लोकांना वाटलं असंच असेल. उठून वाकताना त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं.

पडद्यामागे म्हणाल्या, "सकाळी बसू आपण. हाताचा व्यायाम."

सकाळी मी बॅग भरून खाली आलो. बाई पियानोपाशी होत्या. "बस."

"माझी गाडी आहे, बाई."

"तिला वेळ आहे. काल घाई केलीस. घाई हातात असते. हात स्थिर करावे लागतात. माझ्या आईने माझे असेच केले."

"पण मी कुठे वाजवतो?"

"पानं उलटतोस ना?"

आणि मी बसलो. का बसलो विचारू नकोस. त्या इतक्या हळू बोलतात की नाही म्हणायचं तर ओरडल्यासारखं होतं. त्यांनी माझी दहा बोटं पट्ट्यांवर मांडली. झाकण खाली आणलं आणि माझ्या पेरांवर टेकवलं. दुखलं नाही, नुसतं थंड लाकूड. वर त्यांचा तळवा. "आता हलायचं नाही," म्हणाल्या, आणि बाहेर ढग आलेत, गाडीत डावीकडच्या खिडकीशी बस, असलं काहीबाही बोलत राहिल्या. बोलता बोलता तळव्याचं वजन वाढत होतं.

मी विचारलं, "ताई किती वेळ ठेवायची हात?"

"तिने कधी काढलेच नाहीत." बाईंचा चेहरा उजळला. "बाकीची सगळी काढतात. कुणी लगेच, कुणी थोड्या वेळाने. मला बघायचं होतं ती कुठे काढते. मी दाबत गेले. ती समोर बघत होती. मी आणखी दाबलं. तिने काढले नाहीत. तशी मुलगी मला परत मिळाली नाही."

ताई, त्या हे कौतुकाने सांगत होत्या. आईने तुझ्या बक्षिसांबद्दल सांगावं तसं.

मी हात ओढले. उजव्याची साल निघाली, बाकी काही नाही. बाईंना राग आला नाही. झाकण पूर्ण लावलं आणि म्हणाल्या, "तुझ्यात काही नाही. जा, गाडी चुकेल."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बिनकामाचा म्हटलं आणि बरं वाटलं.

तू का बोलली नाहीस ते आता कळतंय. तू सांगितलं असतंस तर आईने एकच विचारलं असतं, मग काढला का नाहीस हात? आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नव्हतं. नसू दे. मी नाही विचारणार. मी स्वतः जाऊन बसलो होतो तिथे.

पण गोष्ट इथे संपली नाही. फाटकातून बाहेर पडलो तर समोर ती मुलगी आणि तिची आई, मोठी सुटकेस घेऊन.

"काकू, एक मिनिट."

"तू कालचा पानवाला ना?" काकू हसल्या. "शेवटी घोळ घातलास तो?"

"हो. काकू, हिला इथे ठेवू नका. माझी बहीण होती इथे. तिची बोटं बाईंनी मोडली. झाकणाखाली दाबून. आत्ता स्वतः म्हणाल्या मला."

काकूंचं हसू थांबलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी बॅग, माझे बूट. बूट तर तुला माहितीयेत. "चूक झाली म्हणून बोलल्या असतील तुला त्या," म्हणाल्या. "म्हणून असलं पसरवायचं? बाई असं करणार नाहीत."

आईचंच वाक्य. आईच्याच सुरात.

मी मुलीकडे वळलो. म्हटलं, "तू तरी ऐक. त्या हात झाकणाखाली ठेवायला लावतात आणि दाबत जातात. माझ्या ताईने हात काढला नाही, म्हणून असं झालं. तू काढ. पहिल्यांदाच काढ."

ती माझ्या सोललेल्या पेरांकडे बघत होती. मग विचारलं, "तुमची ताई चांगली वाजवायची?"

"बाई म्हणाल्या, तशी परत मिळाली नाही."

हे मी का बोललो! जीभ झडायला हवी होती. ती घाबरली नाही, ताई. तिने मान ताठ केली आणि हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मग मीही नाही काढणार."

मावशींनी दार उघडलं. सुटकेस आत गेली.

माझी गाडी आत्ता समोरून गेली. मी बाकावरच आहे.


बुधवार, १७ तारीख
बाईंच्या घरासमोर

ताई,

बाबांना कळवलंय की मी परत येत नाही आहे, पण ह्या वेळी मी कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे. बाईंच्या फाटकासमोर सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे लागलोय. मालकाला म्हटलं, पंक्चर येतं, चाकाच्या तारा ओढता येतात, बाकी शिकव. तो म्हणाला, "किती दिवस टिकशील?" म्हटलं, "ह्या वेळी विचारू नका."

पोलिसांकडे जाऊन आलो. टेबलाशी बसलेल्या साहेबांनी विचारलं, "तुमची बहीण तक्रार देतेय का?" म्हटलं, नाही. "मुलीचे आईवडील?" नाही. "मुलगी?" नाही. तेव्हा त्यांनी मला पेन परत दिलं. माझंच होतं.

काकू शनिवारपर्यंत शहरात आहेत, नातेवाइकांकडे. दुकानासमोरून जातात तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे होतात. मुलगी रोज सकाळी खिडकीपर्यंत येते, एकदा आळस देते आणि आत जाते. मग पियानो सुरू होतो. खरंच चांगली वाजवते ग. मालक सुद्धा हातोडी थांबवून ऐकतो.

खिडकी उघडी असते. थंडी आहे, सगळ्या गल्लीत एकही खिडकी उघडी नाही, पण ती असते. काल मावशी दुधाची पिशवी घेऊन समोरून गेल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाईंना उकडतं." बाई शाल घेऊन बसतात, मी बघितलंय. मावशी बोलणार नाहीत. पण खिडकी त्या उघडी ठेवतायत.

त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. चूक झाली की पियानो थांबतो. ते थांबणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोमवारी थांबला आणि लगेच सुरू झाला. काल थांबला तेव्हा मी एका चाकाचं अख्खं रबर उतरवून परत चढवलं, मग सुरू झाला. दिवसेंदिवस लांबतंय. आणि परत सुरू होतो तेव्हा ती आधीपेक्षा सावकाश वाजवते.

तू ये. मी तुला बाईंच्या समोर उभं राहा म्हणत नाही. त्या दिवशी काय झालं ते कुणाला सांग असंही म्हणत नाही, आणि मग हात का नाही काढलास असं कुणी विचारलंच तर मी मधे उभा राहीन. तू फक्त शनिवारच्या आत ये आणि काकूंच्या समोर तुझा उजवा हात ठेव. मी बोललो तर ते सूड उगवणाऱ्या पानवाल्याचं बोलणं. तुझ्या हाताला मात्र कुणी असं म्हणू शकणार नाही. आणि त्या मुलीला सांग की तू चांगली वाजवायचीस. म्हणजे ती तुझं ऐकेल. आणि आता काही धरता येत नाही तेही सांग. कप धरता येत नाही, मांजराला इंजेक्शन देताना दुसऱ्या कुणाला बोलवावं लागतं, आत्याच्या मुलीने सांगितलं मला. ते सगळं तिला सांग.

सकाळची गाडी सोयीची आहे, दुपारी इथे पोचते. मी

पियानो थांबलाय.

मालक म्हणतो, बस रे, होईल सुरू. मी थोडं थांबून बघतो.

नाही झाला. खिडकीत मावशी आल्यात. नळ सोडायला आत गेल्या नाहीत, खिडकीत उभ्या आहेत आणि माझ्याकडे बघतायत.

पत्र मालकाकडे देतोय, तो टपालात टाकेल. मी आत चाललोय.